आधी बोलेरो द्या

गेले दोन-तीन महिने आपल्या नाशिकच्या डायकास्टवाल्यांच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या गाड्या जमवणाऱ्यांच्या, ग्रुपवर एकच कुजबुज चाललीय. भारतीय गाड्यांची नवीन मालिका येणार, १:६४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाच्या मापात, धातूची. कोण काढणार, कधी काढणार यावर रोज रात्री मेसेजचा पाऊस पडतो. खरं-खोटं काय ते गाडी हातात येईल तेव्हा कळेल. कोणाला कुठल्या गाड्या हव्यात त्याच्या याद्या मात्र आत्ताच तयार झाल्यात, आणि त्या वाचून राहवेना म्हणून हे लिहितोय.

बहुतेकांच्या यादीत पहिल्या पाचात कॉन्टेसा आहे, जुनी सिएरा आहे, स्टिकर लावून सजवलेल्या रॅलीच्या गाड्या आहेत. मलाही त्या हव्यात. पण पहिलं पाकीट फाडल्यावर आतून काय निघावं असं कोणी मला विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. बोलेरो. पांढरी, मागे स्टेपनी, वर कॅरिअर, आणि नंबरप्लेट एमएच १५.

ग्रुपवर एकाने लगेच विचारलं, "बोलेरो कोण घेणार हो? दारात रोज दिसते." अहो, म्हणूनच तर!

थोडं मागे जाऊन सांगतो. मॅचबॉक्स या छोट्या गाड्यांच्या मालिकेची सुरुवात कशी झाली ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल हे डायकास्टिंगचे इंजिनिअर. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. ओडेलनी तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रोडरोलर केला. वर्गातल्या बाकीच्या पोरांनाही तो हवा झाला आणि त्यातून १९५३ मध्ये ती जगप्रसिद्ध मालिका निघाली. तिच्यात पहिला नंबर रोडरोलर, दुसरा डंपर, तिसरा सिमेंट मिक्सर. युद्धानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या शहरातल्या पोरांना रस्त्यावर जे दिसत होतं, तेच त्यांच्या खिशात आलं.

जपानचंही तसंच. तिथली पोरं परदेशी गाड्यांच्या प्रतिकृतींशी खेळत होती. १९७० मध्ये टोमिका आली ती सहा गाड्या घेऊन. सगळ्या जपानी, आणि त्यात टोयोटा क्राउनची पोलिसांची गाडीही होती. आज पन्नास वर्षांनंतरही टोमिकाच्या डब्यात कचऱ्याची गाडी, रुग्णवाहिका, बस सापडते आणि मोठी माणसंसुद्धा ती हौसेने जमवतात. हॉट व्हील्सची तऱ्हा वेगळी. १९६८ च्या त्यांच्या पहिल्या सोळा गाड्या म्हणजे अमेरिकेतल्या सजवलेल्या, भरधाव पळवायच्या गाड्या. तेही खरंच होतं, कारण कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावर तेव्हा तेच चाललं होतं. प्रत्येकाने आपापल्या रस्त्यापासून सुरुवात केली. मग आपला रस्ता कुठला?

माझा रस्ता सांगतो. वडील सातपूरला कामाला होते. पहिल्या पाळीला जाताना सायकलवर मला शाळेपाशी सोडायचे. कंपन्यांच्या गेटवर तेव्हा मेटाडोर उभ्या असायच्या, अँबेसिडर फक्त साहेबांची. बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली, आणि दोन्ही आपल्या नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. नवी कोरी, नंबर न पडलेली स्कॉर्पिओ त्र्यंबक रोडवर पहिल्यांदा दिसली तेव्हा चहाच्या टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले होते. आमच्या शेजारचे काका तर हातातला ग्लास ठेवून म्हणाले, "ही आपल्याकडची आहे बरं." त्या "आपल्याकडची" मधला अभिमान मी अजून विसरलेलो नाही. आज त्या गाडीची चांगल्या मापाची छोटी प्रतिकृती मला माझ्या शेल्फवर ठेवायची असेल, तर मी कुठे जाऊ? फेरारी मात्र सहा प्रकारच्या आहेत माझ्याकडे, आणि फेरारी मी नाशिकच्या रस्त्यावर आयुष्यात दोनदा पाहिलीय.

आता मापाचं बोलतो, कारण हे माझं रोजचं काम आहे. मी अंबडला टूलरूममध्ये आहे, बावीस वर्षं डाय, म्हणजे धातू ओतायचे साचे, बनवतोय. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर. भागिले ६४ म्हणजे ६२.४. रुंदी १७४५, म्हणजे २७.३. उंची १८८०, म्हणजे २९.४. हाताच्या बोटांवर उभी राहील एवढी गाडी. मारुती ८०० घ्या, ३३३५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ५२. अँबेसिडर ६७ च्या थोडी वर. या तिन्ही एका रांगेत ठेवल्या की लहान-मोठेपण डोळ्यांना लगेच पटतं, कारण पार्किंगमध्ये आपण त्यांना तसंच पाहिलंय. पण स्वस्त मालिकांमध्ये काय करतात? पाकीट एकाच मापाचं, म्हणून गाडी पाकिटाच्या मापाची. मग मारुती बोलेरोएवढी होते आणि बस मारुतीएवढी. एसटीची लालपरी खऱ्या १:६४ मध्ये केली तर वीतभर होईल, ती पाकिटात कशी बसणार, हे मला समजतं. तिच्यासाठी वेगळा डबा करा, दोन पैसे जास्त लावा, आम्ही घेऊ. पण गाड्यांचं माप चुकवू नका. ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी चाकांची. गाडीचा चेहरा सगळे ग्रिलमध्ये शोधतात, पण गाडी ओळखू येते ती तिच्या उभं राहण्यावरून. बोलेरो जरा उंच, ताठ, पुढच्या चाकावर वजन टाकून उभी असते. तिला मोठ्या चकचकीत चाकांवर खाली बसवली की बाकी सगळं बरोबर असूनही ती कुणाचीच राहत नाही. प्रत्येक गाडीला वेगळं चाक म्हणजे वेगळी डाय, वेगळा खर्च, हे मी स्वतः हिशेब करणारा माणूस असल्यामुळे जाणतो. म्हणून एवढंच मागतो: साध्या पोलादी डिस्कचं एक चाक नीट बनवा. तेच बोलेरोला, सुमोला, मेटाडोरला थोड्या फरकाने चालेल.

आणि फटी! परवा रात्री एका महागड्या मॉडेलचं दार भिंगाखाली धरून बसलो होतो. खऱ्या गाडीत दाराची फट चार-साडेचार मिलिमीटरची असते. ६४ ने भागा, ०.०७ मिलिमीटर येतं. केसाएवढं. एवढी बारीक रेघ डायमध्ये काढली तरी रंगाचा एक हात बसला की ती बुजून जाते. म्हणून चांगला डायमेकर ती फट मुद्दाम रुंद आणि खोल ठेवतो. पण किती? जास्त झाली तर गाडी खेळण्यातली दिसते, कमी झाली तर साबणाची वडी. आकडा कुठल्या तक्त्यात मिळत नाही. तो हाताला आणि डोळ्याला ठरवावा लागतो. त्या मॉडेलवाल्याने तो असा साधलाय की मी मुलीला झोपेतून उठवून दाखवणार होतो. बायकोने अडवलं.

बोलेरोच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट आहे. तिच्या बाजू जवळजवळ उभ्या. सपाट भिंत डायमधून सरळ सुटत नाही, ओरखडे येतात. त्यासाठी चारही बाजूंना स्लाइड, म्हणजे डायचे सरकते भाग, द्यावे लागतात; कास्टिंग बाहेर काढायच्या आधी ते बाजूला सरकतात आणि मग कास्टिंग मोकळं होतं. खिडक्या, ग्रिल, मागचं दार सगळं त्या स्लाइडवर. स्लाइडचा सांधा नेमका कुठे येणार, तिथे फ्लॅश, म्हणजे फटीत शिरलेल्या धातूचा पापुद्रा, आला तर तो रंगाआधी कोण साफ करणार, या सगळ्याचा विचार गाडीचं चित्र काढतानाच व्हावा लागतो.

आणि हे काम इथे होऊ शकतं. हे मी जोर देऊन सांगतोय. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये खऱ्या गाड्यांचे सुटे भाग कास्ट होतात, त्यांच्या डाय आपल्याच पोरांनी बनवलेल्या आहेत. ॲल्युमिनियमच्या मानाने झमॅक म्हणजे सोपा जीव. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांचा मिश्रधातू. चारशे अंशांच्या आसपास वितळतो, बारीक कोपऱ्यात छान भरतो, डायला फार त्रास देत नाही. एकच पथ्य कडक आहे: शिशाची भेसळ नको. अगदी नगण्य शिसं गेलं तरी काही वर्षांनी धातू आतून कुजतो, फुगतो, तडकतो. संग्राहक त्याला झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. जुन्या मॉडेलचा दरवाजा बोटात चुरा होऊन येताना मी पाहिलाय. म्हणून भंगार वितळवून पैसे वाचवायचा मोह कोणी करू नये.

सरकारी बाजूनेही गणित इथे बनवण्याच्याच बाजूचं आहे. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा झाला. आपल्याला त्याचा फटका दर खेपेला दुकानात जाणवतो. पण इथे कास्ट करणाऱ्याला यापेक्षा मोकळं मैदान कधी मिळणार? आणि हे काही पहिल्यांदा होणार नाही. इंग्लंडच्या डिंकी गाड्यांच्या जुन्या डाय कलकत्त्याला आल्या आणि तिथे निकी टॉइज बनली. पुढे लिओ या भारतीय नावाने हॉट व्हील्स आल्या. मी पाचवीत असताना वडिलांनी बोनसच्या दिवशी मेन रोडवरून आणलेली लिओची निळी गाडी आजही माझ्याकडे आहे. रंग गेलाय, एक एक्सल वाकलाय, विकणार नाही. पण त्या सगळ्या डाय दुसऱ्यांच्या, गाड्या दुसऱ्यांच्या. आपली गाडी, आपली डाय, असं नीट अजून व्हायचंय.

किमतीबद्दल मात्र मला राग आहे. गेल्या दिवाळीत नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन एका मोठ्या दुकानात गेलो. नवीन खोका आलाय असं कळलं होतं. दुकान उघडल्यावर पाच मिनिटांत पोहोचलो तर खोका फोडलेला, चांगलं सगळं गेलेलं, पेगवर, म्हणजे पाकिटं टांगायच्या खुंटीवर, एकच मॉडेल बारा वेळा. भाचा काही बोलला नाही. त्याने ती बारा पाकिटं एकेक करून मागे सरकवून पाहिली, अगदी शेवटपर्यंत, आणि मग म्हणाला, "मामा, चला." त्याच संध्याकाळी त्याला हवी असलेली गाडी नेटवर आठपट किमतीला दिसली. नव्या मालिकेने हे करू नये. हॉट व्हील्समध्ये १९९५ पासून ट्रेझर हंट म्हणून दुर्मीळ गाड्या खोक्यात लपवायची पद्धत आहे, शोधायची मजा मीही घेतलीय. पण पहिल्याच वर्षी, जेव्हा लोक मालिकेवर जीव टाकायला तयार आहेत, तेव्हा मुद्दाम टंचाई करू नका. साधी गाडी अडीचशेच्या आत ठेवा आणि भरपूर बनवा. रबरी टायरची, सुट्या आरशांची, डब्यातली महाग गाडी हौशी लोकांसाठी वेगळी काढा. तीही मी घेईन.

गाड्यांची यादी लांब करत नाही. बोलेरोनंतर सुमो, जिचं नाव टाटांच्या कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातून आलंय. पद्मिनी, काळी-पिवळी. ओम्नी, शाळेच्या पोरांनी भरलेली. छोटा हत्ती. दिंडोरीचा एक द्राक्षबागायतदार आमच्यात आहे, तीनशेच्या वर गाड्या आहेत त्याच्याकडे, सगळे पिकअप आणि ट्रक. रविवारी गंगापूर रोडला आम्ही अदलाबदलीला बसलो होतो तेव्हा त्याला विचारलं, तुला काय हवं? तो म्हणाला, "पिकअप पाहिजे दादा, पण मागं क्रेट पाहिजेत. रिकामा पिकअप मी कधी चालवलाच नाही." पिंपळगावच्या मार्केटला पहाटे टोमॅटोचे पिकअप रांगेत लागलेले ज्याने पाहिलेत त्याला हे वेगळं सांगायला नको. क्रेट प्लास्टिकचे असू देत, काढता-घालता आले पाहिजेत. कंपनीने त्याच्यासारख्या माणसाला फोन करून विचारावं असं मला मनापासून वाटतं. क्रेट किती थरांचे लागतात, दोरी कुठून कुठे जाते, मागचा फाळका कसा बांधतात, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगेल.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. कंपनीची वाट बघताना हात स्वस्थ बसत नाहीत. मालकांना विचारून पितळेचा एक उरलेला तुकडा घरी आणलाय. गेले पाच रविवार सिडकोतल्या घराच्या गॅलरीत व्हाइस लावून कानसतोय. लांबी ६२.४ आली, रुंदी बरोबर, उंचीत अजून दोन दशांश जास्त आहे, ते टपावरून काढायचंय. बॉनेट जमलं. बाजूच्या फटी ०.१५ ने काढल्यात, रंगानंतर कशा दिसतात ते बघायचं. भाचा येतो, व्हर्निअर धरतो, आकडा मोठ्याने वाचतो. काल त्याने सगळीकडून फिरवून पाहिली आणि मागच्या दारावर बोट ठेवलं. स्टेपनी राहिलीय. या रविवारी तीच करायला घेतोय, फोटो टाकतो.