नायिकेच्या हातातले पुस्तक

आज सकाळी नौपाड्यातल्या आमच्या रविवारच्या वाचनवर्गाला चित्रपटांच्या पटकथा लिहिणारे एक गृहस्थ आले होते. एका मराठी कुमार कादंबरीच्या हक्कांची बोलणी चालू असल्यामुळे तिचे नाव इथे लिहीत नाही. मुलांशी गप्पा मारण्यासाठी आलेल्या या गृहस्थांनी अर्ध्या तासात त्या कादंबरीत काय काय बदलणार आहेत ते मोठ्या उत्साहाने सांगितले. आठवीतली नायिका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात जाणार आहे. तिच्या बाबांची गेलेली नोकरी, आजोबांशी धरलेला अबोला आणि गणिताची भीती हे सगळे पहिल्या दहा मिनिटांत उरकले जाणार आहे, कारण चित्रपट रोमँटिक ड्रामा आहे आणि प्रेक्षकाला लवकर जोडीपर्यंत न्यायला हवे. ते पाहुणे होते म्हणून मी तिथे काही बोलले नाही, पण दिवसभर डोक्यातून ते जात नाही.

२०२० च्या जुलैमध्ये ‘दिल बेचारा’ हॉटस्टारवर आला तेव्हा टाळेबंदीमुळे माझी भाची आमच्या वसंत विहारच्या घरी राहत होती. तो चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, ती जॉन ग्रीन यांची २०१२ ची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ तिने इतकी वाचली होती की पुस्तकाची पाने सुटायला आली होती. सुशांतसिंह राजपूतला जाऊन सव्वा महिनाच झाला होता, त्यामुळे घरातले सगळेच रडत होते आणि तीही रडली. चित्रपट संपल्यावर मात्र ती म्हणाली, “मावशी, ती वाचायची ना गं? यांनी तिचं पुस्तकच काढून घेतलं.”

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यातली सोळा वर्षांची, कर्करोग झालेली हेझल एकच कादंबरी पुन्हा पुन्हा वाचते. ती कादंबरी वाक्याच्या मध्येच थांबते, आणि पुढे त्यातल्या मुलीच्या आईचे काय झाले हे विचारायला हेझल थेट लेखकाला गाठायला ॲमस्टरडॅमला जाते. तो प्रश्न खरे तर तिच्या स्वतःच्या आईविषयीचा आहे. ती मरणाच्या दारात असताना आई एकदा म्हणाली होती की आता मी आई राहणार नाही, आणि ते या मुलीने ऐकलेले आहे. हिंदीत हेझल वाचते त्या कादंबरीच्या जागी एक अपुरे गाणे आले, लेखकाच्या जागी गायक आला आणि ॲमस्टरडॅमच्या जागी पॅरिस आले. रहमान यांचे संगीत सुंदर आहे, हे मी मान्य करते. परंतु गाणे अपुरे का राहिले या प्रश्नात आई कुठेच येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला जे लगेच कळले ते पटकथेच्या एवढ्या बैठकांमध्ये कोणालाच कसे कळले नाही, याचा मला आजही संताप येतो.

दोन तासांत सगळे मावत नाही, असे आजचे पाहुणे म्हणाले, आणि ते खरेही आहे. पण काय मावत नाही याची निवड दर वेळी एकाच दिशेने का होते? घरातल्या पैशांच्या विवंचना जातात, भावंडे जातात, शिक्षक जातात, आणि राहतात ती फक्त एकमेकांकडे पाहणारी दोघे. मग त्या दोघांनी एकमेकांकडे का पाहिले हेसुद्धा कळेनासे होते. चौदाव्या वर्षीचे प्रेम हे घरातल्या भांडणांतून, परीक्षेच्या धास्तीतून आणि कोणीतरी आपले म्हणणे ऐकून घेतले या आश्चर्यातून उगवते. भोवतालचे हे सगळे काढून टाकले की उरते ते मोठ्यांचे प्रेम, आणि तसे चित्रपट आपल्याकडे पुरेसे आहेत.

हे जमत नाही असे नाही. जॉश बून यांच्या २०१४ च्या इंग्रजी चित्रपटात ते पुस्तक आहे, तो लेखक आहे आणि आईचे ते वाक्यही आहे. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच घरात आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर सुजय डहाके यांनी चित्रपट केला तेव्हा नववीतली मुले नववीतच ठेवली आणि आणीबाणीसुद्धा गाळली नाही. त्यातला जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर यांच्यात घडते ते अगदी थोडे, तरीही ते मनातून जात नाही, कारण जोशीचा नरूमामा आणि घर, वर्ग आणि मास्तर हे सगळे त्याच्या भोवती आहे. त्या पटकथेसाठी अविनाश देशपांडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कादंबरीतले पुष्कळसे त्यातही सुटले आहे, पण जे घेतले ते वयाला धरून घेतले.

वय वाढवण्यामागे कायद्याची आणि सेन्सॉरची धास्ती आहे, हे मी समजू शकते. पण अठराच्या आतल्या मुलांचे प्रेम म्हणजे शारीरिक लगट एवढेच ज्यांना दिसते, त्यांनी अशा कादंबऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. आता तर प्रमाणपत्रांमध्ये यूए १३+ असा स्वतंत्र वर्ग आहे. तेरा ते सोळा या वयाचा प्रेक्षक सरकारी नियमांना दिसतो आणि निर्मात्यांना दिसत नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. आजच्या गृहस्थांनी निदान मुलांसमोर यायचे तरी ठरवले, एवढे बहुतेक जण करत नाहीत. निघताना आमच्या वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारले की आजोबांशी अबोला का धरला तेच काढले तर नायिका त्या मुलाला पत्र कशाला लिहील. त्यांनी वही काढून ते टिपून घेतले. माझ्या भाचीचा प्रश्न टिपून घ्यायला तेव्हा कोणी नव्हते.

माझ्या यादीत पटकथा लिहिणारे काही जण आहेत, त्यांना मनापासून विनंती करते. कुमार कादंबरीवर काम करत असाल तर पहिला खर्डा निर्मात्याकडे जाण्याआधी आठवी-नववीच्या दहा मुलांना वाचून दाखवा. नौपाड्यातली आमची खोली रविवारी अकरानंतर मोकळी असते, आणि मुले मी जमवून देईन.