जाणकारसाहेब, मशीन मी कॅटलॉगात पाहिलेलं नाही

‘एक जाणकार’ यांस,

‘पीठ मळायचं मशीन घेताना’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल सकाळी भट्टी पेटायच्या आधी पुन्हा वाचली. टोपणनावापासूनच सुरुवात करणार होतो, पण ते राहू दे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं, पिझ्झाचं किंवा ब्रेडचं दुकान काढणाऱ्यानं पहिलं मशीन स्पायरल घ्यावं, म्हणजे मळणाऱ्या हुकाबरोबर भांडंही फिरतं ते. जाणकारांचं म्हणणं असं, की दिवसाला आठ-दहा किलो मैदा लागणाऱ्या नवख्याला प्लॅनेटरी, म्हणजे भांडं स्थिर आणि नुसता हुक फिरतो ते मशीन, पुरतं, त्यात केकचं बॅटर आणि क्रीमही होतं. स्पायरलला थ्री फेज वीज लागते, भांडं निघत नाही म्हणून धुणं जिकिरीचं. शिवाय क्षमता सांगताना मी घोळ केलाय. आणि शेवटचं वाक्य: ‘लेखकानं स्पायरल बहुधा कॅटलॉगातच पाहिलंय, नाहीतर कुणा विक्रेत्यानं लेख लिहून घेतलाय.’

आधी माझी चूक. मी ‘वीस किलोचं मशीन’ असं मोघम लिहिलं. स्पायरलवर लिहिलेले किलो बहुतेकदा मळलेल्या पिठाचे असतात, कोरड्या मैद्याचे नव्हेत. मैद्याच्या साठ टक्के पाणी धरलं तर वीस किलो पिठात मैदा साडेबाराच किलो. प्लॅनेटरीवर तर भांड्याचे लिटर लिहिलेले असतात, त्याचा किलोशी थेट संबंधच नाही. हे आपण दाखवून दिलंत, लेखात दुरुस्ती केली, आभार. गोष्ट बारीकच आहे, पण मी चूक लपवणाऱ्यांतला नाही.

आता कॅटलॉगाबद्दल.

साहेब, माझं पहिलं मशीन प्लॅनेटरीच होतं. वीस लिटरचं, जुनं, एका दुकान बंद करणाऱ्याकडून घेतलेलं. कोल्हापुरात राजारामपुरीत तेव्हा माझा पिझ्झाचा दहा बाय बाराचा गाळा होता. आपण आज लिहिलंय तेच मला तेव्हा चार लोकांनी सांगितलं होतं: सगळं होतं यात, कशाला दोन मशिनी? एप्रिलमधला शनिवार. संध्याकाळी एका वाढदिवसाची ऑर्डर, म्हणून एकाच घाण्यात सात किलो मैदा आणि चार लिटर पाणी टाकलं. हुकाला पीठ चिकटून सगळा गोळा एकजात फिरायला लागला, वरचं डोकं म्हशीनं मान हलवावी तसं हलायला लागलं, आणि मशीन ओट्यावरून चार बोटं सरकलं. मी दोन्ही हातांनी धरून उभा. मग आतून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि हुक थांबला. मोटर मात्र चालूच.

गिअरचे तीन दात गेले होते. तो गिअर रुमालात बांधून उद्यमनगरात नेला. तिथल्या टर्नरनं तो हातात घेतला, अंगठ्यानं मोडके दात चाचपले आणि विचारलं, ‘काय दगड मळत होता काय?’ कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा, इथं ओतकाम आणि लेथवाले गल्लोगल्ली आहेत, चौथ्या दिवशी नवा गिअर हातात होता. (हो, मदतनीस पोरानं मशीन न थांबवताच स्पीड बदलला होता, आणि प्लॅनेटरीत तसं करायचं नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण मशीन सरकायला त्याच्या आधीच लागलं होतं, हेही लक्षात घ्या.)

आणि हे सगळं कॅटलॉगात कुठल्या पानावर असतं, ते आपणच सांगा.

गिअर बसला, तरी उन्हाळा होताच. प्लॅनेटरीत भांडं स्थिर, हुक स्वतःभोवती आणि भांड्याभोवती फिरतो, पीठ रेटत, आपटत नेतो. स्पायरलमध्ये भांडंही फिरतं, मधला दांडा पिठाला हुकाबरोबर वर चढू देत नाही, एका वेळी थोडंच पीठ हुकाखाली येतं. घर्षण कमी, पीठ कमी तापतं. ‘थोड्या गरमीनं काय बिघडतं?’ असं आपण सहज विचारलंय, म्हणून पाणी किती गार हवं याचा हिशेब मांडतो. मळून झाल्यावर पीठ पंचवीस अंशांवर हवं, तर तिप्पट करून पंचाहत्तर. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, एप्रिलात माझ्या गाळ्यात चौतीस. मैदा तेहतीस. उरले आठ. त्यातून मशीनच्या घर्षणाचे वजा करायचे, आणि ते आठाहून जास्तच निघतात. म्हणजे पाणी शून्याच्या खाली हवं, म्हणजेच बर्फ. तो पाण्याच्याच वजनात धरायचा, वरून नाही टाकायचा. घर्षण जितकं जास्त तितका बर्फ जास्त, आणि तो विरघळेपर्यंत मैदा नीट भिजत नाही.

तेव्हा मला हे कुणी शिकवलं नव्हतं. थर्मामीटर खुपसला तर एकतीस अंश. दुपारी चारला गोळे करून ट्रेमध्ये ठेवले, साडेसहाला झाकण काढलं तर चोवीस गोळ्यांची सलग गादी झालेली, मधे शिवणीसारख्या रेघा, आणि ताक उतू गेल्यासारखा वास. पत्र्यानं कापून काढले. लाटायला घेतला की प्रत्येक गोळा मधेच फाटत होता. त्या संध्याकाळी तेरा पिझ्झे फुकट दिले. कुणा विक्रेत्यानं मला त्याचे पैसे परत केले असतील तर त्याचं नाव कळवा, मी त्याच्या दारात हार घेऊन उभा राहतो.

वडील बेकरीत कारागीर होते. त्यांचे हात मी पाहिलेत, पहाटे तीनला लाकडी काथवटीत कोपरापर्यंत. इथं मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस लागतात, आणि सकाळी साडेसातला मिसळीच्या दुकानात ब्रेड पोहोचला नाही तर शिव्या कशा पडतात हे त्यांना विचारा. ते पीठ दोन बोटांत ताणून उजेडापुढं धरायचे, पलीकडची खिडकी दिसली की म्हणायचे, झालं. मी आजही तसंच बघतो, फक्त मशीन बंद करून. तेव्हा कॅटलॉगाची भाषा दुसऱ्या कुणाशी बोला.

बाकीच्या मुद्द्यांचं म्हणाल तर लहान स्पायरल सिंगल फेजवरही मिळतं. थ्री फेज घेतलंच तर पहिल्या दिवशी हुक बरोबर दिशेनं फिरतोय का बघा, फेज उलटे जोडले गेले तर उलटा फिरतो, वायरमनकडून दोन वायरी बदलून घ्यायच्या, संपला विषय. धुण्याचं म्हणाल तर रात्री ओल्या फडक्यानं आणि प्लास्टिकच्या खुरपणीनं पाच मिनिटं लागतात. ज्याला तेवढंही जड जातं त्यानं पिझ्झा काढू नये. किंमत जास्त आहे, आहेच, ती मी नाकारली कधी?

आठ-दहा किलोचा मुद्दा राहिला. आपण म्हणता एवढ्याशा मैद्याला प्लॅनेटरी पुरतं. पुरत असेल. तीन-तीन किलोचे घाणे घातले, कमी स्पीडवर मळलं, मधे मशीन गार होऊ दिलं, तर पुरतं. पण शनिवारी संध्याकाळी तीन-तीन किलोचे घाणे कोण घालतं, हे मला नवखा माणूस नव्हे, तर आपल्यासारखा जाणकार सांगेल. आणि स्पायरलमध्ये कमी मैदा मळता येत नाही असंही नाही, वीस किलोच्या मशीनमध्ये मी मंगळवारी पाच किलोसुद्धा मळतो.

क्रीम स्पायरलमध्ये फेटता येत नाही, हे आपण लिहिलंत तसं कुणालाही दिसतं. माझं ते वीस लिटरचं प्लॅनेटरी अजून कोपऱ्यात आहे, उद्यमनगरातल्याच गिअरवर चालतं, केकची ऑर्डर असली की क्रीम त्यातच होते. यावरून कुणी आपलं म्हणणं सिद्ध झालं असं समजू नये.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, शेवटच्या वाक्यासकट राहील. थर्मामीटर घेऊन यायचं असेल तर शनिवारी या, पण संध्याकाळी सातच्या आत. त्यानंतर मला बोलायला वेळ नसतो.