लिंबूपाणी पोटात जातं, पेशीत नाही

आमच्या सोलापुरातल्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय. हृदयाला चरबी म्हणजे विष, ती फक्त जाड माणसांना धरते, कोलेस्टेरॉल नॉर्मल असेल तर ठोक्यांची काळजी नको, आणि रोज सकाळी कोमट लिंबूपाणी घेतलं की चरबी विरघळून धडधड थांबते.

‘विष’ म्हणणं अर्धवट आहे. निरोगी हृदय निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबी जाळूनच मिळवतं. लठ्ठपणात, मधुमेहात आवक जळण्यापेक्षा वाढते आणि उरलेली चरबी थेंबाथेंबाने पेशीत साचते. तिच्याबरोबर तयार होणारे काही पदार्थ मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीचं, काम बिघडवतात, कॅल्शियमची ये-जा विस्कटते आणि एखादी पेशी अवेळीच विजेची ठिणगी टाकते. हृदयाच्या बाहेरून चिकटलेली चरबी निराळी. ती स्नायूत घुसली की ठोका चालवणाऱ्या विजेची वाट अडते. गड्ड्याच्या यात्रेत रस्ता बंद असला की रिक्षा बोळाबोळातून फिरून पुन्हा त्याच चौकात येते ना, तशी विजेची लाट गोल फिरत राहते. हे खालच्या कप्प्यांत झालं तर मिनिटांत जीव जाऊ शकतो.

जाड माणसांनाच? एका आनुवंशिक आजारात सडपातळ, खेळणाऱ्या पोरांच्याही हृदयाच्या स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट रक्ताचा असतो, हृदयाच्या पेशीचा नाही आणि ठोक्याचा तर नाहीच. आमचे काका उभं आयुष्य यंत्रमागावर काढलेले, अंगाने काटकुळे. नॉर्मल रिपोर्टची घडी कायम सदऱ्याच्या खिशात. एकदा सहज त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, तर तीन ठोके पळत, मग खड्डा, मग दोन. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. त्यांना ते चरबीमुळे झालं असं मी म्हणत नाही, वय आणि बीपी होतंच. पण त्या घडीने काहीच सांगितलं नव्हतं. या आजारात वरचे कप्पे नुसते थरथरतात, आत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा.

राहिलं लिंबूपाणी. ते पचतं, संपतं. वजन उतरवल्याने मात्र फरक पडतो. अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी २०१५ साली काकांचाच, एट्रियल फिब्रिलेशनचा, आजार असलेल्या वजनदार रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांचा ताल पुन्हा न बिघडण्याची शक्यता सहापट निघाली.

काका लिंबूपाणी अजून घेतात. रक्त पातळ करायची गोळी आधी, मग पेला.