मागच्या मांडीवरचा दात

मुगात किडे झालेत, इथपर्यंत आमच्या घरात एकमत होतं. ते कसले आणि कुणाचे, यावरून पक्ष पडले.

आईच्या मते ते टोके. बायकोच्या मते भुंगे. मुलीच्या मते 'ईऽऽ'. आणि खालच्या वाण्याच्या मते ते आमच्या घरचे. "काका, आपला माल साफ असतो. तुमच्या बरणीत आधीपासून असतील," असं त्याने भर दुकानात सांगितलं, तेही अशा आवाजात की मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी आपापल्या पिशव्या माझ्यापासून लांब धरल्या. पावसाळ्यात ठाण्यात भिंतीला ओल येते, पापड नरमतात, ते सगळं आम्ही सोसतो. पण पांचपाखाडीत किडेवाले काका म्हणून राहायची माझी तयारी नव्हती. किड्याचं कुळगोत्र काढायचं आणि शेठच्या वजनकाट्यावर नेऊन ठेवायचं, असं ठरवलं.

टोका नाही, हे लगेच कळलं. तांदळातल्या टोक्याला पुढे चांगली लांब सोंड असते. याला नाही. आईला भिंगातून दाखवलं. ती म्हणाली, "लहान आहे रे अजून. येईल."

आईच्या बाजूने एवढं म्हणता येईल की, 1758 साली खुद्द लिनियसनेही, म्हणजे जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्यानेही, या कडधान्यातल्या किड्यांपैकी चायनेन्सिस जातीला कुर्कुलिओ प्रजातीत, म्हणजे सोंडवाल्यांतच घातलं होतं. पुढच्या शास्त्रज्ञांनी बिया खाणाऱ्या या मंडळींना ब्रुकिडी नावाचं स्वतंत्र कुल काढून दिलं. मग तेही मोडलं आणि पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुलात उपकुल म्हणून यांना आणून बसवलं. रिडेव्हलपमेंटमध्ये भाड्याच्या घरातून परत आपल्याच सोसायटीत यावं, तसं. बायकोचा 'भुंगे' हा निकाल अशा रीतीने योग्य ठरला, आणि तो तिने भिंगाशिवाय दिला होता, हे तिने त्या संध्याकाळी बऱ्याच जणांना फोनवर सांगितलं.

खरा छळ त्यापुढे. प्रजाती कॅलोसोब्रुकस, हे ठीक. पण जाती कोणती? तर याच्या मागच्या मांडीच्या खालच्या अंगाला दोन दात असतात, एक आतल्या कडेवर, एक बाहेरच्या. ॲनालिस जातीत आतला दात जवळजवळ नसतोच. म्हणजे तीन मिलिमीटरचा प्राणी, त्याचा मागचा पाय, त्या पायाची मांडी, त्या मांडीची आतली बाजू आणि तिथला दात! माझी अक्कलदाढ दुखत होती तेव्हा डॉक्टरसुद्धा एवढे वाकले नव्हते. त्यात हा किडा लबाड. हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो, आणि आपण चष्मा बदलेपर्यंत टेबलाच्या टोकाला पोचलेला असतो. गारठ्यात मंदावेल म्हणून वाटीत घालून, वर झाकण ठेवून फ्रिजमध्ये ठेवला. "मुगातलं फ्रिजमध्ये गेलं," बायको म्हणाली, "आता फ्रिजमधलं मुगात ठेवू का?"

दात दिसले. दोन्ही. ॲनालिस बाद झाला. उरले चायनेन्सिस आणि मॅक्युलेटस. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात आणि पाठीच्या पुढच्या ढालीवर, मागच्या कडेशी, दोन पांढरे उंचवटे असतात. मॅक्युलेटसच्या मादीचा पंखाबाहेर उघडा राहिलेला मागचा भाग बघायचा: दोन बाजूंना काळे डाग, मधून फिकट रेघ. हे सोपं वाटेल, पण मॅक्युलेटसची दोन रूपं असतात. कोठारात गर्दी वाढली की न उडणाऱ्यांच्या घरात उडणारे निपजतात आणि रंगानेही वेगळे दिसतात. म्हणजे सारखे दिसतात ते दोन जातींचे आणि वेगळे दिसतात ते सख्खे भाऊ. अगदीच खात्री हवी असेल, तर नराचं जननांग सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आमच्या घरात मोकळं टेबल एकच आणि ते देवघराला लागून आहे, त्यामुळे तो भाग मी सोडला.

सुदैवाने मादी सापडली. डाग, रेघ, सगळं जिथल्या तिथे. कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस, फॅब्रिशियसने 1775 मध्ये नाव दिलेला. आईने वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, "मग एरंडेल का नव्हतं चोळलंस?" तिचंही बरोबरच होतं, तेलाच्या पातळ थराखाली याची अंडी गुदमरतात.

मूग घेऊन खाली उतरलो. "शेठ," मी म्हटलं, "मादी दाण्यावर अंडं चिकटवते. अळी अंड्याखालूनच थेट आत शिरते, आतच खाते, आतच कोषात जाते आणि गोल झाकण ढकलून बाहेर येते. याला आपल्या हवेत महिनाभर लागतो. मूग नेला गेल्या आठवड्यात, आणि भोकं तर याच दाण्यांना आहेत."

"मग शेतातूनच आलं असेल, काका."

"येतं ना! शेंग पिकताना शेतातच सुरुवात होते. मग गोदाम, मग तुमचं पोतं."

दुकानात शांतता पसरली. शेठने विषय बदलायला शेंगदाण्याचा पुडा पुढे केला. मी म्हटलं, "शेंगदाण्यातला वेगळा. कॅरिडॉन सेराटस. तो चिंचोकेपण पोखरतो." मागच्या बाईंनी हातातली चिंच काउंटरवर परत ठेवली. "आणि राजम्यातला—" एवढं मी म्हणेपर्यंत राजमाही परत आला.

शेठने किलोभर नवा मूग माझ्या पिशवीत घातला, पैसे घेतले नाहीत आणि काउंटरवरून वाकून हळूच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी खाली येऊ नका. फोन करा, मी पोऱ्याला वर पाठवतो."