सगळंच कसं हो 'आगामी'?

आज पुन्हा तेच झालं. मी लिहिलं होतं 'येऊ घातलेली पाणीटंचाई', छापून आलं 'आगामी पाणीटंचाई'. संपादकांना जाब विचारला तर म्हणे, 'अर्थ एकच की! आणि घातलेली वगैरे लोकांना कळत नाही.' संताप झाला नुसता. एकच कसा असेल अर्थ?

'आगामी' म्हणजे येणारं, बस्स. गम् म्हणजे जाणे, त्याला आ लागला की येणे. किती जवळ आलंय, हे तो शब्द सांगतच नाही. अधिवेशन, अंक, चित्रपट, ज्याची घोषणा झाली आहे त्याला तो शोभतो, तिथे खुशाल वापरा. पण 'येऊ घातलेलं' म्हणजे जे घडायला लागलंय, ज्याची चाहूल लागलीय, तरी अजून पुरतं आलेलं नाही. त्यात टळण्याची शक्यताही शिल्लक असते. 'लग्न होऊ घातलं होतं, पण मोडलं' असं आपण सहज बोलतो. घाला तिथे 'आगामी', बघू जमतं का!

आणि हा एकच शब्द नाही. परीक्षा तोंडावर येते, पावसाळा येऊन ठेपतो, भिंत पडायला येते, गाडी सुटण्याच्या बेतात असते. संस्कृतातून आलेला 'आसन्नमरण' घ्या. आसन्न म्हणजे अगदी जवळ येऊन बसलेलं; त्यातला सद् हा धातूच मुळी बसण्याचा. मरण उशाशी आलंय हे एका शब्दात कळतं. जवळ येण्याच्या इतक्या पायऱ्या भाषेत असताना सगळ्यांवर एकच बोळा फिरवायचा?

सर्वांत जास्त चीड येते ती धोक्याच्या सूचना वाचताना. नदीचं पाणी चढत असतं, आणि सूचना निघते 'संभाव्य पूरपरिस्थितीच्या पार्श्वभूमीवर'! अहो, संभाव्य म्हणजे येईल किंवा येणारही नाही. ते वाचून माणूस निवांत बसतो, सकाळी बघू म्हणतो. 'पाणी चढतंय, पूर येतोय, आत्ता निघा' एवढं लिहायला काय होतं? घरात म्हातारी माणसं असतात, लेकरं असतात, त्यांना हलवायला वेळ लागतो. तिथे शब्दाने वेळ अचूक सांगायलाच हवी.

मी आजच लेखी कळवलंय. माझा 'येऊ घातलेली' मला परत हवा आहे. दुरुस्ती छापा, नाहीतर पुढचा लेख मिळणार नाही.