कूलंट टॉप-अप करण्याआधी प्रेशर टेस्ट मागा

इंजिन थंड ठेवणारा द्रव म्हणजे कूलंट, आणि तो जिच्यातून फिरतो ती कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते. टाकीतली पातळी पुन्हा पुन्हा खालच्या खुणेखाली जात असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर पडते आहे. तरीही आपल्या ठाण्यात अनेक गॅरेजांतून ‘एक लिटर टाकले आहे, चालवून बघा’ एवढे सांगून गाडी परत पाठवली जाते, हे मला मनापासून खटकते. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत तर हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे, कारण तेच कूलंट टर्बोलाही थंड ठेवते आणि इंजिन एकदा जास्त तापले, तर ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकण्याची भीती असते.

माझ्या दोन लिटर टर्बो सेडानखाली पार्किंगमध्ये एक थेंबही दिसत नव्हता, पण घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकल्यावर बॉनेटमधून गोडसर वास येई. गळणारे कूलंट तापलेल्या धातूवर पडून तिथेच उडून जात होते. एका गॅरेजने रेडिएटर बदलायला सांगितले, दुसऱ्याने हेड गॅस्केटचे, म्हणजे हेडखालच्या सीलचे, नाव घेतले. तपासणी दोघांनीही केली नव्हती.

वागळे इस्टेटमधल्या एका जाणत्या मेकॅनिकने गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंडगार इंजिनावर, टाकीच्या झाकणाच्या जागी त्याने हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या 1.4 बारपर्यंतच दाब दिला. इंजिन थंड असणे इथे महत्त्वाचे असते, कारण गरम झाल्यावर प्रसरणाने मिटणारी फट थंड असताना उघडी असते आणि बाहेर आलेला थेंब वाळून न जाता डोळ्यांना दिसतो. सुई हळूहळू खाली आली, म्हणजे दाब कुठून तरी निसटत होता. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली छोटा कॅमेरा घातल्यावर थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेच्या) प्लास्टिक हाऊसिंगच्या सांध्यावर वाळलेला गुलाबी-पांढरा थर आणि त्यावरून ओघळणारी ताजी धार दिसली. हेड गॅस्केटची शंकाही त्याने तशीच सोडली नाही. टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढून पाहिली. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असता तर ते द्रावण पिवळे पडले असते, पण ते निळेच राहिले.

प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे रोजच्या तापण्या-थंड होण्यात असा सांधा सैल पडत जातो. अशा जागी सीलंट फासणे किंवा टाकीत लीक बंद करणारी पावडर ओतणे मला मुळीच पटत नाही, कारण तीच पावडर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. वॉटर पंपासह पूर्ण हाऊसिंग आणि गॅस्केट नवे घातले, बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) ठरलेल्या मापातच आवळले, आणि सिस्टिममधली हवा आधी व्हॅक्यूमने काढून मग कूलंट भरले, म्हणजे आत हवेचा फुगा अडकून राहत नाही. कूलंट कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचे घेतले आणि त्यात नळाचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर मिसळले. काढलेले जुने कूलंट झाकणबंद कॅनमध्ये ठेवायला लावले. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात.

गाडी ताब्यात घेण्याआधी पुन्हा थंड इंजिनावर तीच प्रेशर टेस्ट करून घेतली आणि या वेळी सुई हलली नाही. ठाणे आणि नवी मुंबईत प्रेशर टेस्टर व व्हॅक्यूम फिलर दोन्ही वापरणारी गॅरेज तुमच्या माहितीत असतील, तर कृपया परिसरासह खाली लिहा.