पडद्यामागचा मामा

रविवारी दुपारी चार माणसं माझ्या घरी येतात, माझेच पोहे खातात आणि रिक्षाच्या मीटरकडे बघावं तसं माझ्याकडे बघतात. आकडा खरा असेलही, पण नजर हटवायची नाही. मी त्यांचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, आहे. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात बाकीचे एकेक पात्र घेतात आणि उरलेलं अख्खं जग, म्हणजे राक्षस, राजे, खानावळवाले आणि पाऊस, एका बिचाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्याच्यासमोर चार घड्यांचा पुठ्ठ्याचा पडदा असतो. आता फासे लपवून टाकायचे आणि आकडा आपणच सांगायचा, असा माणूस दिसला की मराठी मनाला जो मामा आठवायचा तो आठवतोच.

या पडद्याने काय घोळ होतो ते एका गॉब्लिनवरून, म्हणजे एका किरकोळ राक्षसावरून, सांगतो. २०१४च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा झेलता येते तो आकडा, ६, तब्येत बरी असेल तर ७. गॉब्लिनने तलवार चालवली आणि वीस बाजूंच्या फाशावर २० आले, तर इजेचे फासे दुप्पट होतात: सहा बाजूंचे दोन, अधिक २. दोन्हींवर सहा पडले की १४. पहिल्या सातांत जादूगार आडवा, आणि वर उरलेले ७ त्याच्या पूर्ण हिट पॉइंटांइतके, म्हणून जागच्या जागी खलास. मरणाच्या दारातून परतायला एरवी जे फासे टाकू देतात, तेही नाहीत. ७२० हल्ल्यांत सरासरी एकदा घडणारी गोष्ट, पण घडायची तर पहिल्याच सेशनला, आणि तीही पात्राचा पूर्वेतिहास अकरा पानं लिहून आणणाऱ्याच्याच बाबतीत.

अशा वेळी पडद्याआडून ‘तेरा’ म्हणायचा मोह होतो. एकच आकडा खाली आणला की पोरगं वाचतं! कुणाला कळणार? सगळ्यांना कळतं. खरा तेरा तोंडातून लगेच निघतो; बनवलेल्या तेराला दोन सेकंद लागतात, आणि त्या दोन सेकंदांत टेबलावरचं पोहे चावणंसुद्धा थांबलेलं असतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचा योद्धा मेला की तो फाशाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. ‘त्याला वाचवलंस, मला का नाही?’ याला उत्तर नाही.

म्हणून नोंदी आणि नकाशे पडद्याआड, लढाईचे फासे पडद्यापुढे. पहिल्या लेव्हलला कुणी पटकन मरू नये असं वाटत असेल, तर ते खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, म्हणजे सेशन झिरोला, सगळ्यांदेखत ठरवून टाकायचं. आधी ठरला तो नियम. फासा पडल्यावर ठरला तो रडीचा डाव.

तसंच टार्गेटचं, म्हणजे काम जमायला किती आकडा हवा त्याचं. ‘किती आले? सतरा? अंऽऽ... नाही जमलं’ हे वाक्य मी कितीही प्रामाणिकपणे म्हटलं तरी समोरच्याला वाण्याने तराजूला बोट लावल्यासारखंच दिसतं. पंधरा हवेत, हुकलं तर पहारेकरी जागा होईल, हे फासा हातात असतानाच सांगावं.

आता पहारेकरी निघालेच आहेत तर सांगतो, सगळ्यात जास्त विश्वास इथे बुडतो आणि डीएमला पत्ताही नसतो. चोराकडे फाशात मिळवायला चोरपावलांचे अधिक ५ आहेत, टार्गेट १५. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा वर हवेत, शक्यता ५५ टक्के. ठीक. पण डीएम रंगात येऊन दर पहारेकऱ्यापाशी नवा फासा मागतो, आणि असे चार पहारेकरी असले तर शक्यता ९ टक्क्यांवर येते. चोराला हा गुणाकार येत नाही. त्याला एवढंच कळतं की आपल्याला ‘जा की, प्रयत्न कर’ म्हणून पाठवलं आणि पकडवलं. अख्ख्या दालनाला एकच फासा पुरे.

‘नक्की?’ हा एक शब्द तर डीएमच्या तोंडून काढूनच घ्यायला हवा. खड्ड्यात उडी मारणाऱ्याला मी ‘नक्की?’ विचारलं की त्याला ती धमकी वाटते. खरी भानगड अशी की माझ्या डोक्यात खड्डा साठ फूट आहे आणि त्याच्या डोक्यात सहा. दर दहा फुटांना इजेचा सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे सहा फासे, सरासरी २१. तुझ्याकडे हिट पॉइंट १८ आहेत. एवढं बोलून टाकावं. काठावर उभ्या माणसाला खोली दिसतेच की, मग खेळणाऱ्यापासून काय लपवायचं?

नको तो प्रसंग आला तर थांबवायला टेबलावर फुली मारलेलं कार्ड ठेवतात. हात लावला की प्रसंग गुंडाळायचा, कारण विचारायचं नाही. परदेशी फॅड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लहानपणी मूठ ओठांना लावून ‘टाइमप्लीज’ म्हटलेलं असतं, आणि तेव्हा कुणी खुलासा मागितला नव्हता.

संशयाचा मक्ता एकट्या डीएमकडे नाही. हिट पॉइंट पेन्सिलीने लिहिलेले असतात आणि खोडरबर खेळणाऱ्यांकडे. मित्राच्या झोळीतली माणकं पळवून ‘माझं कॅरॅक्टर असंच वागेल’ म्हणणाराही तिथेच बसलेला असतो. पण खरा छळ प्रश्नांचा.

‘छत किती उंच आहे?’

वीस फूट.

‘झुंबर आहे? साखळीचं की दोराचं? खाली कोण उभंय?’

बेत मला कळला तर मी झुंबर काढून घेईन अशी त्यांना खात्री असते, म्हणून ते तो कोर्टातल्यासारखा तुकड्यातुकड्यांनी काढतात. मग दोर कापतात, आणि मी म्हणतो की सरदार तर दारापाशी होता. वाजलं! यावर इलाज एकच, पहिल्याच प्रश्नाला विचारायचं: ‘तुला नक्की काय साधायचंय? सांग, बसवू आपण.’

चौघं एकमेकांकडे बघतात. एक जण पोह्यांतली मिरची बाजूला काढतो.

‘काही नाही रे, सहज.’